फ्रिजमधला भोपळा

ताईंचा हात मोडला तो प्लास्टरपायी. दातांच्या लॅबमध्ये साचे ओतायच्या टेबलाजवळ कुणीतरी प्लास्टर कालवताना पाणी सांडून ठेवलं होतं. त्यावरून त्यांचा पाय सटकला आणि सगळा भार उजव्या मनगटावर आला. हाडांच्या डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर चढवलं. आयुष्यभर लोकांच्या जबड्यांचे साचे प्लास्टरमध्ये ओतणारी बाई दीड महिना स्वतःच साच्यात जाऊन बसली, हा विनोद लॅबमधल्या प्रत्येकाने फोनवर एकदा तरी केला. ताई प्रत्येक वेळी नव्याने हसल्या.

त्या तशा सगळ्यांच्याच ताई. धाकटा भाऊ ताई म्हणायचा, म्हणून त्याची बायको ताई म्हणायची, आणि लॅबमध्ये मालकापासून डबे पोचवणाऱ्यापर्यंत सगळे तेच म्हणत. भावाची मुलगी चिमी तेवढी आत्या म्हणे. ताईंनी लग्न केलं नव्हतं. आई-वडील गेल्यावरही त्या त्याच घरात राहिल्या: सगळ्यात वरचा मजला, तीन खोल्या, पुढे एक गॅलरी आणि डोक्यावर गच्ची. कवळ्या करण्यात त्यांचा हात चांगला होताच, पण खरी ख्याती होती ती पुढच्या दातांच्या कॅपांसाठी. शेजारच्या दाताचा रंग बघायचा आणि बारीक ब्रशाने थरावर थर देत असा दात घडवायचा, की माणूस हसला तरी कुठला आपला आणि कुठला बनवलेला ते कळू नये. मालक म्हणायचे, "ताईंच्या हातचा दात किडायचाच बाकी राहतो."

प्लास्टर निघालं तेव्हा खाली जो हात होता तो ताईंना आपला वाटेना. बारीक झालेला, पांढुरका, आणि बोटं अशी ताठ की चहाचा कप उचलताना कान सुटून कप ओट्यावर आपटला. भावजय लगेच धावली.

"राहू द्या ताई, मी भरते. तुम्ही बसा."

हे "तुम्ही बसा" ताईंना दीड महिना पुरून उरलं होतं. भाजी निवडायला घेतली की तुम्ही बसा, कपड्यांच्या घड्या करायला घेतल्या की तुम्ही बसा. भावजय मनाने वाईट नव्हती, पण कामाची तिची एक पद्धत होती आणि मध्ये कुणी लुडबुड केलेली तिला चालत नसे. ताई बसून राहायच्या आणि बोटांकडे बघायच्या. ब्रश धरता आला नाही तर पुढे काय, हा विचार त्या करत नव्हत्या असं नाही. बोलून दाखवत नव्हत्या एवढंच.

व्यायाम शिकवायला फिजिओबाई होत्या. बडबड्या, हसऱ्या, पण हात पिरगाळताना दयामाया नाही. त्यांनी एक व्यायाम असा दिला: ट्रेमध्ये वाळू किंवा तांदूळ भरायचे, त्यात लहान लहान वस्तू लपवायच्या आणि डोळे मिटून नुसत्या बोटांनी शोधून काढायच्या.

"तांदूळ मिळायचे नाहीत," भावजयीने आधीच सांगून टाकलं. "माती हवी तर घ्या. माझं पोतं आहे गॅलरीत."

गॅलरी भावजयीची होती. म्हणजे कागदोपत्री नव्हे, पण तिथे दुसऱ्या कुणाचं काही चालत नसे. जास्वंदी, गुलाब, शेवंती, लटकत्या कुंड्यांतल्या वेली. खालून रस्त्याने जाणारे लोक मान वर करून बघत. उलट ताईंच्या हाताची कीर्ती वेगळीच होती. त्यांनी एकदा टेबलावर ठेवायला निवडुंग आणला होता, तोही मेला. तेव्हापासून भाऊ म्हणायचा, "ताई, तू झाडांकडे बघ, पण लांबून."

भाऊ फ्रिज दुरुस्त करायचा. मेलेले फ्रिज त्याच्या मागे घरापर्यंत येत. त्यातला एक, दारं काढलेला, गच्चीवर उताणा पडून होता, आणि तो कधी हलवणार यावरून घरात अधूनमधून खटके उडत. त्याच फ्रिजचा भाजी ठेवायचा प्लास्टिकचा खण ताईंनी घेतला, त्यात माती भरली आणि लपवायला म्हणून स्वयंपाकघरातून हाताला लागेल ते आणलं. शर्टाची बटणं, नाणी, डब्यातला मूठभर राजमा, आणि आदल्या दिवशी चिरलेल्या लाल भोपळ्याच्या बिया.

घरात कुणाच्या पायात नको म्हणून त्या खण घेऊन गच्चीवर बसू लागल्या. नाणी सापडत. बटणं जरा वेळाने सापडत. राजमा आणि बिया काही केल्या बोटांना कळत नसत. माती कोणती आणि बी कोणतं, दोन्ही सारखंच लागे. ज्या बोटांना दातावरचा केसाएवढा उंचवटा कळायचा, त्यांना आता भोपळ्याची बी कळत नव्हती. एका सकाळी बराच वेळ उकरूनही जेवढं पुरलं होतं तेवढं हाती लागेना, तेव्हा त्यांनी चिडून बाटलीतलं पाणी मातीत ओतलं, ओला गोळा मुठीत धरून दाबला, पुन्हा दाबला, आणि खण तिथेच टाकून खाली निघून आल्या. पुढचे काही दिवस त्या वर फिरकल्याच नाहीत. रबराचा चेंडू दाबत बसल्या.

फिजिओबाईंनी मातीच्या व्यायामाचं विचारलं तेव्हा त्यांना खोटं बोलवेना. घरी येऊन त्या नाइलाजाने गच्चीवर गेल्या. खणात हिरवं दिसलं. आधी वाटलं, गवत उगवलं. वाकून बघितलं तर माती फोडून वाकड्या मानेचे कोंब वर आले होते, काहींच्या डोक्यावर दाण्याचं साल अजून टोपीसारखं अडकलेलं. न सापडलेल्या बिया होत्या त्या.

ताईंनी चिमीला हाक मारली. चिमी कॉलेजला निघाली होती, एका पायात चप्पल घालूनच वर आली.

"आत्या! हे तू लावलंस?"

"लावलं कसलं, हरवलं होतं."

"मग हे काय आहे?"

"हा राजमा आणि हा भोपळा. निदान मी टाकलं होतं ते एवढंच. बटणं काही उगवलेली दिसत नाहीत."

भावजयही वर आली. तिने कमरेवर हात ठेवून कोंब बघितले. "खणात जगायचे नाहीत," ती म्हणाली. "मुळांना जागा हवी." आणि मग खाली जाता जाता, "अर्थात भाज्यांचं मला काही कळत नाही. मी फुलवाली."

जागा समोरच उताणी पडलेली होती. भावाने रविवारी ड्रिल आणून फ्रिजच्या पाठीला भोकं पाडली, खाली विटा लावल्या. फ्रिज हलवण्याचा प्रश्न असा परस्पर मिटल्याने तो खुशीत होता. माती आणि कुजलेलं खत पोत्यांनी आलं. ताईंनी कोंब डाव्या हाताने उचलले, उजव्या हाताने आधार दिला आणि एकेक करत फ्रिजमध्ये लावले. राजमा खालच्या बाजूला, भोपळा वर, बर्फाचा कप्पा होता तिथे.

"भाजी फ्रिजमध्ये ठेवतात हे ऐकलं होतं," भाऊ म्हणाला. "फ्रिजमध्ये लावतात हे आजच बघितलं."

त्यानंतर जे झालं त्याचं कारण ताईंना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं, काही वाचलं नव्हतं. सकाळी उठून पाणी घालायचं आणि बघत बसायचं, एवढंच त्या करत. पण राजम्याच्या वेलांनी कपडे वाळत घालायची दोरी पकडली आणि बघता बघता दोरीच दिसेनाशी झाली. भोपळ्याने तर फ्रिजमधून बाहेर उडीच घेतली. त्याची पानं ताटाएवढी झाली, वेल पाण्याच्या टाकीला वळसा घालून पलीकडच्या कठड्यापर्यंत गेला. गच्चीवर ऊन दिवसभर असे, फ्रिजच्या जाड भिंतींत माती तापत नसे, त्याचा फायदा झाला असेल. पण गॅलरीत इतकी वर्षं घाम गाळणाऱ्या भावजयीला हे पटणं सोपं नव्हतं.

शेंगा धरल्या त्या एकदम. कोवळ्या, लांबट; राजम्याच्या कोवळ्या शेंगा म्हणजे घेवडाच. पहिल्या दिवशी ताईंनी ओंजळभर तोडून आणल्या तेव्हा घरात कौतुक झालं. भाऊ जेवताना दोनदा म्हणाला, "घरची आहे हं ही." नंतर रोज टोपली भरू लागली. एक तोडावी तर पानाआड चार लपलेल्या. शेंग चिमटीत धरून देठापासून तोडायची आणि वेल ओढला जाऊ द्यायचा नाही, हे बोटांना आधी जमत नव्हतं. अर्धा वेलच हातात यायचा. मग जमू लागलं. आठवड्याभराने चिमी म्हणाली, "आत्या, मला शेंगांची स्वप्नं पडतायत. कृपा कर." तेव्हा ताई खालच्या मजल्यांवर वाटायला लागल्या. लोक आधी दार उघडून हसत घेत, मग नुसतं हसत, आणि शेवटी शेवटी बेल वाजली की आतून "कोण आहे?" असं विचारून दार बंदच ठेवत.

भोपळ्याचं मात्र अडलं होतं. फुलं यायची, मोठाली, पिवळीजर्द, आणि दुपारपर्यंत मिटून दोन दिवसांत गळून पडायची. ताई रोज सकाळी वेलाशेजारी स्टूल टाकून बसत. कुणी सांगितलं नव्हतं, बघून बघूनच त्यांच्या लक्षात आलं की फुलं दोन तऱ्हेची आहेत. काहींचा देठ सरळ आणि सडपातळ, मध्ये पिवळ्या पावडरीचा दांडा. काहींच्या मागे मात्र सुपारीएवढा हिरवा गोळा, आणि आत पावडर नाही. गोळा आठवड्याभरात पिवळा पडून गळायचा. वर-खाली दोन्ही जबडे नीट घडवले आणि एकमेकांवर टेकलेच नाहीत, तर कवळी चावणार कशी? त्यांना ते तसंच वाटलं. एवढ्या वर मधमाशा फारशा येत नव्हत्या.

त्यांनी कपाटातून झिजलेले जुने ब्रश काढले. कामावरचेच, लॅबने टाकलेले. सकाळी पहिल्या उन्हात त्या वर गेल्या, दांड्यावरची पावडर ब्रशाला घेतली आणि दुसऱ्या फुलात नेली. हात थरथरला. पावडर पाकळीवर सांडली, ब्रशाची दांडी आतल्या भागात खुपसली गेली आणि फूल फाटलं. दुसऱ्याचंही तेच झालं. ताई स्टुलावर बसल्या. मांडीवर उजवा हात, त्यात ब्रश. हात मोडल्यापासून त्यांनी ब्रश हातात धरलाच नव्हता. धरायची हिंमत केली नव्हती असं म्हणणं जास्त खरं. आणि आता धरला होता, वाईट धरला होता, तरी बोटांतून पडला नव्हता.

त्या रोज जाऊ लागल्या. कोपर गुडघ्यावर टेकवायचं, डाव्या हाताने मनगट धरायचं, श्वास सोडायचा आणि मग ब्रश पुढे न्यायचा. लॅबमध्ये नवख्या मुलींना त्या हेच शिकवत. कधी जमायचं, कधी नाही. भाऊ एकदा कपडे वाळत घालायला दोरी शोधत वर आला आणि बहीण फुलात डोकं घालून बसलेली बघून पायऱ्यांवरच थांबला.

"काय चाललंय?"

"गप्प. हलू नकोस."

"मी कुठे हलतोय?"

"बोलू पण नकोस."

काही दिवसांनी एका फुलामागचा गोळा पिवळा पडला नाही. तो लिंबाएवढा झाला, मग संत्र्याएवढा. त्याच्या मागून दुसरा. त्या दिवशी जेवताना ताईंनी चमचा उजव्या हाताने धरला आणि भावजयीने ते बघितलं.

भांडण झालं ते माव्यावरून, म्हणजे झाडांवर पडणाऱ्या काळ्या किडीवरून. घेवड्याच्या शेंड्यांवर आधी काळे ठिपके दिसले. ताईंना वाटलं, धूळ असेल. चार दिवसांत शेंडे काळेभोर झाले, चिकट झाले, मुंग्यांची रांग लागली. आणि त्याच आठवड्यात खाली भावजयीच्या जास्वंदीच्या कळ्या तशाच काळ्या होऊन, न उमलता गळायला लागल्या. मावा वरून खाली आला की खालून वर गेला, हे कुणालाच सांगता आलं नसतं. भावजयीला मात्र शंका नव्हती. तिने दोन संध्याकाळी कळ्या पुसण्यात घालवल्या. तिसऱ्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना ती पान वाढून न घेता उभीच राहिली.

"ताई, तुमचा तो वरचा पसारा मी एका शब्दाने बोलले नाही. कपडे खोलीत वाळवते. खालच्या काकू पाणी गळतं म्हणून मलाच बोलतात, तेही ऐकून घेते. पण माझी झाडं जायला लागली."

"मी उद्या बघते," ताई म्हणाल्या.

"बघून काय होणार आहे?"

"अगं, जेवून घे ना आधी," भाऊ म्हणाला. ते त्याने म्हणायला नको होतं.

"तुम्ही मध्ये बोलू नका. या घरात आल्यापासून कुठल्या फळीवर कुठला डबा हे सासूबाईंनी ठरवलं तसंच आहे. पडदे तेच, कपाटं तीच. हे घर तुम्हा दोघांचं आहे, मला माहितेय. माझी म्हणून एवढी एक गॅलरी आहे. तेवढी तरी राहू द्या." तिचा आवाज चढला नव्हता. ती आत निघून गेली.

ताईंना झोप लागली ती उशिरा. त्यांना राग आला नव्हता. त्या चकित झाल्या होत्या. इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं की संसार भावजयीचा आहे आणि आपण त्यात एका खोलीपुरत्या आहोत, जरा अंग चोरून. आपल्याला कुणी "तुम्ही बसा" म्हणतं ते आपण पाहुण्या आहोत म्हणून. आणि इथे ती म्हणत होती की पाहुणी ती आहे. आई गेल्यावर फळीवरचे डबे आपण का हलवू दिले नाहीत, हे त्यांना आता आठवून बघावं लागलं. आईची आठवण म्हणून, एवढंच. कुणी हलवायला मागितले तर हरकत घेतली असती का? मागितलेच होते एकदा. "राहू दे ना, आहेत तसे बरे आहेत," असं आपण म्हणालो होतो.

सकाळी त्यांनी घेवडा उपटला. सगळा. शेंगांनी लगडलेला होता तरी. वेल दोरीवरून सोडवून, काळे शेंडे आत दुमडून पोत्यात दाबून भरले आणि पोतं खाली कचऱ्यापाशी नेऊन ठेवलं. दोन खेपा झाल्या. मनगट ठणकू लागलं. दुसऱ्या खेपेला जिन्यात भावजय समोर आली. तिच्या हातात दुधाची पिशवी होती. तिने पोत्यातून डोकावणाऱ्या शेंगा बघितल्या.

"अहो ताई, मी उपटा म्हटलं नव्हतं."

"तू नाही म्हणालीस. मीच उपटले."

"एवढ्या शेंगा होत्या."

"चिमीला आनंद होईल."

भावजयीला हसू येत होतं, पण ते तिने येऊ दिलं नाही. ती वर गेली. ताई जिन्यात पोत्यावर हात टेकून जरा थांबल्या, मग पोतं ठेवून आल्या. वर येतात तो भावजय गच्चीवर भोपळ्याच्या वेलात वाकून उभी होती. एका हातात साबणाच्या पाण्याची बादली, दुसऱ्यात जुन्या बनियनचं फडकं.

"पानाची मागची बाजू बघायची असते," ती वर न बघता म्हणाली. "इथे पण आहेत. वरून पाणी मारून काही होत नाही, पुसावं लागतं."

ताईंनी दुसरं फडकं घेतलं. दोघी एकेक पान उलटून पुसू लागल्या. भोपळ्याची पानं खरखरीत, हाताला ओरखडे येत होते.

"फळीवरचे डबे," ताई म्हणाल्या, "तुला जसे लावायचे तसे लाव. पडदेही बदल. मला कधी सुचलंच नाही ते."

भावजय पान पुसत राहिली. "पडदे तुमच्या आईंनी शिवलेले आहेत."

"म्हणून काय जन्मभर टांगायचे? विरलेत."

"विरलेत खरे," भावजय म्हणाली. आणि मग थोड्या वेळाने, "हे काय आहे?" पानाखाली तिला एक भोपळा सापडला होता, चांगला नारळाएवढा, जो ताईंनाही माहीत नव्हता. ती तो दोन्ही हातांनी चाचपून बघत होती. "हा कुठल्या ब्रशाचा?"

"हा बहुतेक मधमाशीचा. मी इथपर्यंत पोचले नव्हते."

जास्वंद पूर्ण वाचली नाही. एक कुंडी गेली, दोन राहिल्या. पण भोपळे मात्र थांबायला तयार नव्हते. उन्हं कडक झाली तशी पानं सुकत गेली आणि खालून भोपळे उघडे पडत गेले. गच्चीवर कुणी मोठे लाल दगड आणून टाकलेत असं वाटे. टाकीमागे बसलेला सगळ्यात मोठा. त्याला ताई आणि भावजय दोघींनी मिळून हलवायचा प्रयत्न केला, तर तो नुसता डुलला. शेवटी भाऊ फ्रिज उचलायचे पट्टे घेऊन आला. त्याने भोपळ्याला पट्टे आवळले, पाठीवर घेतला आणि एकेक पायरी उतरत खाली आणला. खालच्या मजल्यावरच्या काकू दार उघडून बघत होत्या. एवढ्या दिवसांत त्यांनी दार पहिल्यांदा आपणहून उघडलं होतं.

"पोर्टेबल फ्रिज आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू, भोपळा आहे."

"कुणाचा?"

"ताईचा," भाऊ धापा टाकत म्हणाला. "आमच्या ताईचा, दातांच्या."

सुरीने तो चिरता येईना. भावाने करवत धुऊन आणली. शेजारीपाजारी फोडी गेल्या, आणि या वेळी दारं बंद राहिली नाहीत. एक छोटा भोपळा फिजिओबाईंना गेला. त्यांनी तो व्यायामाच्या चेंडूंच्या शेजारी खिडकीत ठेवला आणि येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला, मातीतल्या बियांचा व्यायाम टाळायचा नसतो, असं त्याच्याकडे बोट दाखवून सांगू लागल्या.

लॅबमध्ये ताई गेल्या त्या एक भोपळा पिशवीत घेऊनच. मालकांनी तो टेबलावर ठेवून सगळ्या बाजूंनी बघितला, जसे ते नवीन कवळी बघत. मग ताईंना त्यांच्या जुन्या जागी बसवलं, दिवा ओढला आणि एक काम पुढे ठेवलं. कुणा गायिकेचा पुढचा दात होता. ताईंनी कोपर टेकवलं, श्वास सोडला आणि पहिला थर दिला. चांगला बसला. दुसराही. तिसऱ्या थराला बोटं थकली, ब्रशाचं टोक भरकटलं आणि कडा जाड झाली. त्यांनी ती खरवडून पुन्हा केली. संध्याकाळपर्यंत दात झाला, वाईट नव्हता, पण पूर्वी त्या असे दात दिवसाला कितीतरी करत. मालकांना ते दिसत होतं आणि ताईंनाही.

"घाई नाही," मालक म्हणाले.

"घाईचा प्रश्न नाही हो. पूर्ण दिवस हात साथ देणार नाही, सध्या तरी. सकाळी ठीक असतो." त्यांनी हे घरून ठरवून आणलं नव्हतं, पण बोलताना ते ठरल्यासारखं निघालं. "मी सकाळची येते. कॅपा दोनच घेईन, उरलेला वेळ मेणात दातांचे नमुने घडवायचं काम. दुपारनंतर नवीन मुलींपैकी एकीला माझ्या टेबलावर बसवा, सकाळी शेजारी घेऊन तिला मी तयार करते."

मालकांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "दुपारनंतर तुम्ही काय करणार?"

"भाज्या," ताई म्हणाल्या. भोपळा टेबलावरच होता, त्यामुळे जास्त सांगावं लागलं नाही.

त्या वर्षी त्यांनी टोमॅटो लावले, ते अर्धे किडले. वांगी लावली, ती आली. कांद्याने तोंडात मारल्यासारखं केलं, एकही धड नाही. पहिल्या खेपेसारखं घबाड पुन्हा कधी हाती लागलं नाही, पण रिकामं छतही राहिलं नाही. भावाने आणखी दोन फ्रिज वर नेऊन उताणे टाकले, आणि या वेळी त्यावरून खटके उडाले नाहीत. खाली स्वयंपाकघरात डब्यांची जागा बदलली. ताई अजूनही साखरेसाठी जुन्या फळीकडे हात नेतात आणि मग भावजयीला विचारतात.

बादल्या भरून जिना चढणं मात्र सगळ्यांच्या नाकीनऊ आणत होतं. शेवटी गच्चीवर नळ काढायचं ठरलं. नळवाला सकाळीच आला, पाइप आणि हत्यारांची पिशवी खांद्यावर. दार भावजयीने उघडलं.

"बाई, नळ कुठल्या भिंतीला काढायचा?"

"ते वर ताईंना विचारा. गच्ची त्या बघतात."

नळवाला वर गेला. ताई वांग्यांना आधाराच्या काठ्या बांधत होत्या. त्यांनी हात झटकले, टाकीजवळची भिंत दाखवली आणि तोटीखाली बादली बसायला हवी, एवढी उंची ठेवा, असं गुडघ्याला हात लावून सांगितलं. त्याने खडूने खूण केली. ड्रिल सुरू होणार तेवढ्यात खालून जिन्यातून भावजयीचा आवाज आला.

"ताई, तिथूनच गॅलरीत पण एक तोटी उतरवता येईल का, विचारा ना!"

"येईल का?" ताईंनी विचारलं.

नळवाल्याने कठड्यावरून वाकून खाली गॅलरीकडे पाहिलं, पाइपची लांबी मनाशी मोजली. "येईल की. थोडा पाइप जास्त लागेल."

"मग दोन तोट्या," ताई म्हणाल्या, आणि पुन्हा काठ्यांकडे वळल्या.